महानगरातील औद्योगिक पट्ट्यांचे स्थलांतर आणि मराठवाड्याचे स्थान : एक ऐतिहासिक-भौगोलिक अभ्यास

प्रस्तावना

दिंद्रुड हे बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील गाव. परिसरात कापूस, सोयाबीन व ऊस ही प्रमुख पिके आहेत. जवळच तेलगावला सहकारी साखर कारखाना आहे आणि माजलगावला कापसातील सरकी वेगळी करणारे जिनिंग कारखाने आहेत. दरवर्षी दिवाळीच्या आसपास या भागातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. याच गावांतील पदवीधर किंवा आय.टी.आय. झालेला तरुण मात्र पुण्याची बस धरतो आणि चाकण, रांजणगाव, भोसरी यांपैकी एखाद्या ठिकाणी बहुधा कंत्राटी कामगार म्हणून रुजू होतो. एका घरातील दोन पिढ्यांच्या या दोन वाटा वर्गात शिकवताना प्रस्तुत लेखकासमोर वारंवार एक प्रश्न उभा राहिला आहे. कापूस आपल्या शेतात पिकत असताना कापडाची गिरणी मुंबईत का उभी राहिली? आणि मुंबईतील गिरण्या बंद पडल्यावर, कारखाने महानगराबाहेर जाऊ लागल्यावरही ते आपल्यापर्यंत का पोहोचले नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः 'मागासलेपण' किंवा 'राजकीय इच्छाशक्तीचा अभाव' या शब्दांत दिले जाते. हे उत्तर सर्वस्वी चूक नाही, परंतु ते अपुरे आहे. महानगरातील उद्योगांच्या स्थानाला स्वतःचे तर्कशास्त्र व स्वतःचा इतिहास आहे. तो समजून घेतल्याशिवाय मराठवाड्याच्या औद्योगिक अनुशेषाची चर्चा केवळ तक्रारीच्या पातळीवर राहते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) मुंबई व पुणे या महानगरांतील औद्योगिक पट्टे विशिष्ट ठिकाणीच का निर्माण झाले, हे पाहणे. (२) हे पट्टे महानगराच्या केंद्राकडून परिघाकडे कसे सरकले, याचा मागोवा घेणे. (३) या स्थलांतराच्या पार्श्वभूमीवर बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशाचे स्थान तपासणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

उद्योगांच्या स्थाननिश्चितीविषयी दोन विचारवंतांची मांडणी येथे उपयुक्त ठरते. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात वाहतूकखर्चाला मध्यवर्ती स्थान आहे. प्रक्रियेत ज्या कच्च्या मालाचे वजन मोठ्या प्रमाणात घटते, तो उद्योग कच्च्या मालाजवळ उभा राहतो. ज्याचे वजन फारसे घटत नाही, तो बाजारपेठेजवळ, बंदराजवळ किंवा कुशल कामगारांजवळ जाऊ शकतो. ऊस हे पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. शंभर किलो उसातून साधारणतः दहा-अकरा किलो साखर मिळते आणि तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे साखर कारखान्याला उसाच्या फडाजवळच यावे लागते. वेचणीच्या कापसातही सुमारे दोन-तृतीयांश वजन सरकीचे असते. म्हणून जिनिंग गावाजवळ होते. पण एकदा रुईची गाठ बांधली की तिचे वजन सुतात व कापडात फारसे कमी होत नाही. ती गाठ शेकडो मैल दूर नेणे परवडते. दिंद्रुड परिसरात साखर कारखाना आणि जिनिंग का आहे व कापडगिरणी का नाही, याचा पहिला खुलासा येथे मिळतो. वजन घटवणारे काम गावाकडे राहिले आणि मूल्य वाढवणारे काम शहराकडे गेले.

दुसरी मांडणी इंग्लंडचे आल्फ्रेड मार्शल यांची. शेफील्डची सुऱ्या-कात्र्यांची कारखानदारी, लँकेशायरचा कापडधंदा अशी उदाहरणे समोर ठेवून त्यांनी १८९० मध्ये असे प्रतिपादन केले की, एकाच धंद्याचे अनेक कारखाने जवळजवळ आले की तीन लाभ होतात. कुशल कामगारांचा कायमचा साठा तयार होतो, सुटे भाग व दुरुस्ती पुरवणारे पूरक धंदे भोवती वाढतात आणि धंद्यातील खाचाखोचा एकमेकांना सहज कळतात. आज ज्याला सर्रास 'क्लस्टर' म्हटले जाते त्याचे हे मूळ स्पष्टीकरण. वेबर यांचा सिद्धांत उद्योग कोठे सुरू होतो हे सांगतो, तर तो तेथून सहजासहजी का हलत नाही हे मार्शल सांगतात.

गिरणगावाची जडणघडण

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये ताडदेव येथील गिरणीत उत्पादन सुरू झाले. तत्पूर्वी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे धावली होती. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला आणि दख्खनचा कापूस थेट बंदरात येऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) मुंबईच्या कापूस व्यापाराला अभूतपूर्व तेजी आली. युद्ध संपताच बाजार कोसळला, तरीही व्यापाऱ्यांचे भांडवल आणि बंदर-रेल्वेची व्यवस्था शहरात टिकून राहिली. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाल्यावर युरोपशी असलेले अंतर कमी झाले. मुंबईच्या सुताला चीनमध्ये मोठी बाजारपेठ मिळाली. १८७५ मध्ये गिरणीमालकांनी आपली संघटना स्थापन केली.

गिरण्या भायखळा, परळ, लालबाग, वरळी व नायगाव या पट्ट्यात का एकवटल्या, याची कारणे भूगोलात आहेत. दक्षिणेकडील जुन्या वस्तीच्या तुलनेत ही जमीन स्वस्त व मोकळी होती. दोन्ही लोहमार्ग याच भागातून जात होते. यंत्रे व सुरुवातीच्या काळातील कोळसा समुद्रमार्गे येत असे आणि गोदी हाकेच्या अंतरावर होती. दमट हवेमुळे सूत कमी तुटे. पुढे १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून टाटांची वीज गिरण्यांना मिळू लागली. हा बदल नोंद घेण्याजोगा आहे. वीज घाटात तयार झाली, परंतु कारखाना विजेकडे गेला नाही, वीज तारेवरून कारखान्याकडे आली.

गिरणगाव हे केवळ यंत्रांचे गाव नव्हते. रत्नागिरी, सातारा व घाटमाथ्यावरून आलेला कामगार गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होता. त्याच्या भोवती चाळी, खानावळी, व्यायामशाळा, भजनी मंडळे, पतपेढ्या व कामगार संघटना उभ्या राहिल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित करून त्यांच्या मागण्या सरकारपुढे मांडल्या. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्यांना आजही बी.डी.डी. चाळी म्हणून ओळखले जाते. कामगारांना डबे पुरवणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले. मार्शल यांच्या सिद्धांतात 'पूरक धंदे' म्हणून येणाऱ्या घटकांत या खानावळींचाही समावेश व्हावयास हवा, कारण एकट्या राहणाऱ्या कामगाराला त्यांनीच शहरात टिकवून धरले.

कामगारभरतीची पद्धतही लक्षणीय होती. गिरणीत कामगार लावण्याचा अधिकार जॉबरकडे असे. तो आपल्या गावाकडची, भावकीतली माणसे आणी, त्यांना उसनवार पैसे देई आणि त्यांच्यावर हुकमत गाजवी. आज ऊसतोडीसाठी 'उचल' देऊन टोळी बांधणारा मुकादम पाहिला की या जॉबरची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फरक इतकाच की जॉबरने आणलेला माणूस कालांतराने विणकर, जोडारी असा कसबी कामगार झाला, चाळीत स्थिरावला आणि संघटित झाला. मुकादमाच्या टोळीला असे स्थैर्य आजवर लाभलेले नाही.

केंद्राकडून उपनगरांकडे

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास व स्वातंत्र्यानंतर मुंबईत अभियांत्रिकी, रसायने, औषधे व वाहने हे नवे उद्योग आले. त्यांना एकमजली विस्तीर्ण जागा हवी होती. ती गिरणगावात नव्हती. त्यामुळे कुर्ला ते मुलुंड हा आग्रा रोडच्या, म्हणजेच आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेचा पट्टा विकसित झाला. कुर्ल्यास प्रीमियर ऑटोमोबाईल्स, विक्रोळीस गोदरेज, पवईस लार्सन अँड टुब्रो, कांजूरमार्गला क्रॉम्प्टन ही त्यातील ठळक नावे. तुर्भे म्हणजेच ट्रॉम्बे येथे १९५४-५५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखान्यांची रांग उभी राहिली.

मोठ्या कारखान्यांबरोबरच छोट्या उत्पादकांचे पुंजकेही वाढले. धारावीत सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा कुंभारवाडा, तामिळनाडूतून आलेल्यांचा चामड्याचा व्यवसाय, तयार कपडे व भंगाराचे पुनर्वापर हे सर्व दोन-अडीच चौरस किलोमीटरच्या परिसरात सामावले. १९७१ मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला हलवण्यात आला. कातडी कमावण्याचे काम पुढे ओसरले, तरी चामड्याच्या वस्तू बनवण्याचे कसब धारावीतच राहिले. कच्चा माल दूर गेला, पण कारागीर हलला नाही. मार्शल यांच्या मांडणीचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

संप, गिरण्यांची जमीन आणि कामगार

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरणगावाच्या ऱ्हासाचे खापर अनेकदा एकट्या संपावर फोडले जाते. वस्तुतः संपापूर्वीच कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव व इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे वळू लागले होते. तेथे मजुरी कमी होती व कामगार असंघटित होता. गिरण्यांच्या यंत्रसामग्रीत पुरेशी गुंतवणूक झाली नव्हती. संपाने या प्रक्रियेला गती दिली. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, तरीही ऱ्हास थांबला नाही.

यानंतर प्रश्न उरला तो जमिनीचा. ५८ गिरण्यांकडे मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार पुनर्विकासाच्या वेळी जमिनीचे साधारण तीन भाग होऊन मोकळ्या जागा, सार्वजनिक गृहनिर्माण व मालक यांच्यात वाटप अपेक्षित होते. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली. परिणामी सार्वजनिक वाटा मोठ्या प्रमाणात घटला. मुंबई उच्च न्यायालयाने याविरुद्ध निर्णय दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००१ ची दुरुस्ती ग्राह्य मानली. गिरण्यांच्या जागी मॉल, कार्यालये व उंच इमारती आल्या. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, म्हणजे संपानंतर तब्बल तीस वर्षांनी.

येथे एक सूत्र हाती लागते. औद्योगिक पट्टा सरकतो तेव्हा यंत्रे पुढे जातात, मागे राहिलेल्या जमिनीचे मोल वाढते आणि त्या वाढीचा लाभ जमिनीच्या मालकाकडे जातो. ज्या कामगाराच्या वस्तीने त्या जमिनीला मोल आणले, त्याच्या वाट्याला त्यातील अत्यल्प भाग येतो.

पुणे : खडकी ते चाकण

पुण्यातही हाच क्रम दिसतो, मात्र वेगळ्या कालखंडात. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळा कारखाना सुरू झाला. १९४६ मध्ये तेथेच किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवून खेड्यात कारखाना चालू शकतो हे सिद्ध केले होते. परंतु विस्ताराची वेळ आली तेव्हा पुण्याचा लोहमार्ग, महाविद्यालये व बाजारपेठ यांचे आकर्षण टाळता आले नाही, हेही तितकेच सूचक आहे.

पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६० च्या दशकात आकुर्डीस बजाज ऑटो आणि पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्को आले. त्यांच्याभोवती भोसरी व चिंचवड येथे सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो कार्यशाळा वाढल्या. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झालेले पिंपरी-चिंचवड हे या पट्ट्याचेच अपत्य होय. पुढे तेथेही जमीन महागली. १९९१ च्या केंद्रीय औद्योगिक धोरणाने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांच्या सीमेपासून २५ किलोमीटरच्या आत, काही अपवाद वगळता, प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव केला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले होते आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. नव्या पट्ट्याची जागा या घटकांनी जणू आखूनच दिली. पुणे-नाशिक मार्गावरील चाकण, पुणे-अहिल्यानगर मार्गावरील रांजणगाव व द्रुतगती मार्गालगतचे तळेगाव ही ठिकाणे शहराबाहेर खरी, पण शहराच्या पुरवठादारांपासून मालमोटारीच्या एका फेरीइतक्याच अंतरावर आहेत. बजाजने १९९९ मध्ये चाकणला कारखाना सुरू केला आणि २००७ मध्ये आकुर्डीतील वाहन उत्पादन थांबवले.

हे चित्र केवळ महाराष्ट्राचे नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे फोर्ड कंपनीने १९१० मध्ये हायलँड पार्कला कारखाना उभारला व पुढे दशकभरातच शहराच्या आणखी बाहेर, रूज नदीकाठी, त्याहून विशाल संकुलाची उभारणी सुरू केली. पट्टा बाहेर सरकतो, परंतु आपल्या पुरवठादारांच्या वर्तुळाबाहेर जात नाही. त्यामुळे 'विकेंद्रीकरण' म्हणून ज्याची गणना होते, ते पुष्कळदा महानगराचाच विस्तार असतो.

प्रोत्साहन योजना आणि मराठवाडा

महाराष्ट्र शासनाने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबवली. तिच्यात पुढे तालुक्यांचे अ, ब, क, ड व ड+ असे वर्गीकरण झाले. अधिक मागास तालुक्याला अधिक सवलत, हे तत्त्व न्याय्य होते. मराठवाड्यातील बहुतांश तालुके शेवटच्या दोन वर्गांत मोडतात. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजून दाखवला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली.

या सर्व प्रयत्नांत मराठवाड्यात यशस्वी झालेले ठळक उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगर, म्हणजेच पूर्वीचे औरंगाबाद. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला. केवळ एक कारखाना आला असता तर तो एकाकी राहिला असता. पण त्याच्यासोबत सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजक वाढले आणि त्या कारखान्यांतून काम शिकलेल्यांपैकी काहींनी स्वतःच्या कार्यशाळा काढल्या. २००१ मध्ये शेंद्रा येथे स्कोडा कंपनीचे उत्पादन सुरू झाले, त्यामागे ही तयार जमीन होती. सामाईक चाचणी व अभिकल्प सुविधा देणारे मराठवाडा ऑटो क्लस्टर याच प्रक्रियेतून उभे राहिले.

याउलट बीड जिल्ह्यातील परळीचे उदाहरण पाहावे. परळी रेल्वे जंक्शन आहे. १९७१ मध्ये तेथे औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच सुरू झाला. तरीही त्याभोवती कारखान्यांचा पट्टा तयार झाला नाही. खोपोलीच्या विजेप्रमाणेच परळीची वीजही तारेवरून दूरच्या कारखान्यांकडे गेली. गावाला राख आणि तिच्यापासून बनणाऱ्या विटांचा धंदा मिळाला. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी हे केंद्रच बंद ठेवावे लागले. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बीड शहराला अहिल्यानगरशी जोडणारी प्रवासी रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली. बोरीबंदर-ठाणे रेल्वेनंतर १७२ वर्षांनी ती आली, हे अंतर मैलांत मोजता येणारे नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत महानगरांतील असंख्य कामगार आपापल्या गावी परतले. त्यांत वेल्डिंग, सी.एन.सी. यंत्र चालवणे, गुणवत्ता तपासणी असे कसब आत्मसात केलेले तरुण होते. काही महिने ते कसब आपल्या गावांत उपलब्ध होते, परंतु ते वापरण्याची जागा नव्हती. वाहतूक सुरू होताच ते पुन्हा शहराकडे गेले. मार्शल यांनी सांगितलेल्या तीन लाभांपैकी पहिला लाभ, म्हणजे कुशल कामगार, आपल्याकडेही निर्माण होतो. मात्र त्याचा साठा आपण चाकणमध्ये करतो.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रातील औद्योगिक पट्टे बंदर, लोहमार्ग व महामार्ग यांच्या क्रमाने सरकले. प्रत्येक टप्प्यावर ते महानगराच्या प्रभावक्षेत्रातच राहिले.

२. शेतमालाचे वजन घटवणारी प्रक्रिया ग्रामीण भागात व मूल्य वाढवणारी प्रक्रिया महानगरात, ही विभागणी एकोणिसाव्या शतकात रूढ झाली व बीडसारख्या जिल्ह्यांत ती आजही कायम आहे.

३. भूखंड, वीज व करसवलत यांतून कारखाना येऊ शकतो, औद्योगिक पट्टा येत नाही. त्यासाठी पुरवठादार, दुरुस्ती व कसब यांचे जाळे लागते. वाळूज व परळी यांतील फरक हाच आहे.

४. पट्टा सरकताना वाढणाऱ्या जमिनीच्या मोलात कामगाराचा वाटा आधीच निश्चित केला नाही, तर तो नंतर मिळत नाही. गिरणगावाचा हा धडा चाकण, शेंद्रा व भविष्यातील प्रत्येक औद्योगिक क्षेत्राला लागू आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून दिंद्रुडसारख्या गावात उद्या मोटारींचा कारखाना यावा अशी मागणी करणे वास्तवाला धरून होणार नाही. परंतु जे वजन घटवणारे काम येथे होतेच, त्याच्या पुढची पायरी येथे का होऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. रुईपासून सूत, सरकीपासून तेल व पेंड, साखर कारखान्याच्या यंत्रांची दुरुस्ती व सुटे भाग, ट्रॅक्टर व शेती अवजारांच्या कार्यशाळा या धंद्यांचा कच्चा माल किंवा गिऱ्हाईक याच परिसरात आहे. सवलत एकेकट्या कारखान्याला देण्याऐवजी अशा परस्परपूरक छोट्या धंद्यांच्या समूहाला व त्यांच्या सामाईक कार्यशाळेला दिली, तर ती अधिक फलदायी ठरेल.

ग्रामीण महाविद्यालयांनाही यात कर्तव्य आहे. आपले कोणते विद्यार्थी कोणत्या औद्योगिक क्षेत्रात, कोणते काम शिकले व किती काळ टिकले, याची साधी नोंदवही प्रत्येक महाविद्यालयाने ठेवावयास हवी. इतिहास व भूगोल या दोन्ही विभागांनी मिळून करण्याजोगे हे काम आहे. गिरणगावाचा इतिहास लिहिला गेला तो गिरण्या बंद पडल्यानंतर. चाकणला जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांचा इतिहास ते कामावर असतानाच लिहिला जावा, एवढीच अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.